शिसं गेलं, व्हॉल्व्हचं काय?

गेले काही महिने या सदराकडे एकाच विषयाची पत्रं जास्त येत आहेत: जुनी गाडी आणि आजचं शिसं नसलेलं (अनलेडेड) पेट्रोल. त्यातली सहा निवडून या अंकात त्यांचीच उत्तरं देते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं सिलिंडर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. व्हॉल्व्ह, गाईड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), सीट (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती गोल कड), फेसिंग एवढंच आमचं काम, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूने येतील.

वडिलांची १९६८ ची ॲम्बॅसेडर मार्क टू १९९८ पासून शेडमध्ये उभी होती. आता इंजिन मोकळं करून सुरू केलं आहे. एक मिस्त्री म्हणतात, हे इंजिन शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेलं, हेड काढून कडक सीट बसवल्याशिवाय चालवलंत तर वर्षभरात व्हॉल्व्ह जातील. दुसरे म्हणतात, दर टाकीला ॲडिटिव्हची एक बाटली ओता. खर्चाला तयार आहे, पण नक्की कशावर करू? — एक वाचक, मिरज

तुमच्या मिस्त्रींची भीती खोटी नाही, पण एवढी घाई नको. हेड आत्ता काढू नका आणि बाटलीही आणू नका. आधी एक फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पात्यांचा संच, आणि एक वही आणा.

पेट्रोलमध्ये शिसं आलं ते व्हॉल्व्हसाठी नव्हे. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना दिसलं की टेट्राएथिल लेड हे संयुग थोडंसं मिसळलं तरी इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके, थांबतं. १९२३ पासून ते पेट्रोल विकलं जाऊ लागलं. व्हॉल्व्हला मिळालेलं संरक्षण हा त्याचा जोडफायदा. जळलेल्या शिशाचा अगदी पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्या मधे बसायचा. तो नसला की तापलेला व्हॉल्व्ह थेट लोखंडावर बसतो. तीन हजार आरपीएमला तो मिनिटाला दीड हजार वेळा बसतो आणि उठतो. प्रत्येक वेळी दोन धातू जिथे भिडतात तिथे सूक्ष्म प्रमाणात चिकटतात, उठताना तिथलेच कण उपटून निघतात, ते कण गंजून कठीण होतात आणि पॉलिश पेपरसारखे सीट घासत राहतात. सीट खोल जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो. इनलेट व्हॉल्व्हला हा त्रास नाही, कारण येणारं थंड मिश्रण त्याला गार ठेवतं.

तुमच्या गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातलं. हेड ओतीव लोखंडाचं आणि सीट त्या लोखंडातच कापलेली, वेगळी रिंग नाही. म्हणजे सीट खाल्ली जाऊ शकते अशाच जातीचं हे इंजिन आहे. इथपर्यंत मिस्त्री बरोबर आहेत.

पण सीट किती वेगाने खाल्ली जाईल हे तुम्ही गाडी कशी चालवता यावर ठरतं. जास्त आरपीएम आणि जास्त लोड, दोन्ही बराच वेळ एकत्र आले की झीज झपाट्याने होते. रविवारी मिरज-सांगली, सणावाराला नरसोबाची वाडी, ताशी साठ-सत्तरच्या आत, असा वापर असेल तर कित्येक वर्षं काही होणार नाही. आपल्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. १९९४ मध्ये चार महानगरांत कमी शिशाचं पेट्रोल आलं, एप्रिल १९९५ पासून तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांसाठी अनलेडेड मिळू लागलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर फक्त अनलेडेड. त्या दिवसापासून रस्त्यावरची प्रत्येक पेट्रोल ॲम्बॅसेडर शिशाविना धावली. आता आमच्या दारात हेडची रांग लागणार, असं वडिलांना वाटलं होतं. तशी रांग लागली नाही. हेड आली ती पुढच्या काही वर्षांत एकेक करून, आणि बहुतेक रोज हायवेवर प्रवासी भरून धावणाऱ्या वडाप (शेअर) गाड्यांची.

तुमची गाडी १९९८ ला थांबली, म्हणजे तिने अनलेडेड कधी पाहिलंच नाही. हे तुमच्या फायद्याचं आहे. सीटवर जुन्या शिशाचा थर अजून शाबूत आहे आणि तो काही हजार किलोमीटर तरी साथ देईल. आत्ता हेड काढून सीटवर कटर फिरवला तर तो थर त्याच क्षणी जाईल. म्हणून म्हणते, हात लावू नका.

आता वही. रॉकर कव्हर काढा. व्हॉल्व्ह दाबणारे आठ रॉकर एका ओळीत दिसतील. रेडिएटरकडून मोजा: १, ४, ५ आणि ८ एक्झॉस्टचे, बाकीचे इनलेटचे. गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांमधली फट, बघायला नऊचा नियम वापरा. इंजिन हाताने फिरवून जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करा, येईल त्या क्रमांकाचा गॅप तपासा. आठवा पूर्ण दाबलेला असेल तर पहिला, सहावा असेल तर तिसरा. या इंजिनाला गॅप साधारण पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, ठेवतात. तुमच्याकडे मूळ पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा धरा. इंजिन गार असताना आठही जुळवा, वहीत किलोमीटर लिहा, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा आणि मग दर दीड हजाराला.

रॉकर, कॅम, पुशरॉड झिजले की गॅप वाढतो. सीट खाल्ली गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो, त्याचं टोक रॉकरला भिडायला येतं आणि गॅप कमी होतो. इनलेटचे चार जागच्या जागी आणि एक्झॉस्टचे कमी होताहेत असं दिसलं तर सीट जाते आहे. आधी ४ आणि ५ बघा. मधल्या दोन सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून निघतो, हेडचा तोच भाग सगळ्यात जास्त तापतो. दीड हजार किलोमीटरमागे एखादा थाऊ गेला तर परत जुळवा आणि चालवा. दर वेळी चार-पाच जात असतील तर हेड काढायची वेळ आली. तेवढं होऊनही दुर्लक्ष केलं तर गॅप शून्यावर येईल, व्हॉल्व्ह पूर्ण मिटणार नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरणार नाही आणि तो कडेला जळेल. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं, गाडी मिस करू लागली, हे त्यानंतरचं.

काम करायची वेळ आलीच तर लेथवाल्यांना स्पष्ट सांगा: सीट फक्त चार एक्झॉस्टला. आठही बसवण्यात पैसे जातात आणि हेड कमकुवत होतं, कारण दोन सीटमधली भिंत अरुंद असते आणि तिच्यामागे पाणी फिरतं. कापायच्या आधी क्रॅक टेस्ट आणि नंतर प्रेशर टेस्ट, दोन्ही करून घ्या. रिंग भोकापेक्षा तीन-चार थाऊ मोठी असावी लागते, हेड तापवून आणि रिंग गोठवून ती बसवतात. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडून हेड परत घ्या. सीटचा कोन ४५ अंश, रुंदी दीड ते दोन मिलिमीटर. सीट अरुंद ठेवली तर दिसायला सुबक, पण व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडायला जागा उरत नाही. सोबत व्हॉल्व्हही उष्णतेत टिकणाऱ्या २१-४एन पोलादाचे घ्या आणि गाईडमधला खेळ तपासा, कारण सैल गाईडमधला व्हॉल्व्ह नवी सीटही वाकडी खातो.

ॲडिटिव्हबद्दल: त्यांत पोटॅशियम, फॉस्फरस किंवा मँगनीजची संयुगं असतात आणि ती शिशाच्या थराचं काम बऱ्यापैकी करतात. मिरजेहून एकदम लांबचा प्रवास ठरला तर एखादी वापरा. पण लेबलवर व्हॉल्व्ह सीटच्या संरक्षणाचा उल्लेख हवा. नुसतं 'ऑक्टेन वाढवते' असं लिहिलेल्या बाटलीचा तुमच्या सीटला काही उपयोग नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की आजच्या ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर ते समाधानाने चालतं.

माझ्याकडे १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिलाही सीट बदलाव्या लागतील का? — एक वाचक, डोंबिवली

नाही. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियमवर व्हॉल्व्ह बसवताच येत नाही, म्हणून तिच्यात पहिल्यापासून वेगळ्या धातूच्या सीट आहेत. आणि याचा पुरावा मुंबईनेच दिला आहे. कुर्ल्याला बनलेल्या याच गाड्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं सीएनजीवर धावल्या. सीएनजीत शिसं नसतंच आणि तो वायू पेट्रोलपेक्षा कोरडा, म्हणजे सीटची परीक्षा जास्त कडक. त्या परीक्षेत ही हेड टिकली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तीही वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून.

तुम्ही जपायचं ते तापण्यापासून. पाणी कमी पडून हेड एकदा जरी खूप तापलं तर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, सीटची पकड ढिली होते आणि हेड वाकतं. थर्मोस्टॅट, पंखा आणि रेडिएटरचं झाकण यांवर खर्च करा.

अनलेडेडमुळे माझ्या स्टँडर्ड हेराल्डच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या मऊ पडून झिरपू लागल्या आहेत. दोनदा बदलल्या, पुन्हा तेच. उपाय काय? — एक वाचक, रत्नागिरी

नळ्या खराब होण्याचा शिशाशी संबंध नाही. ते काम इथेनॉलचं आहे. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल २०२२ च्या मध्यापर्यंत देशभर झालं आणि २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. मी ऊसपट्ट्यातली आहे, इथेनॉलचा पैसा आमच्या गावांत येतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण साठ-सत्तर सालच्या रबराला ते मानवत नाही हे खरं आहे, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांनी शिशाच्या चिंतेपेक्षा या चिंतेला पुढे ठेवावं असं मला कळकळीने वाटतं. सीट खाल्ली गेली तर खर्च होतो. नळी झिरपली तर आग लागते. हेराल्ड असो की ॲम्बॅसेडर, दोन्हींत कार्ब्युरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. गळणारा थेंब कुठे पडेल ते बॉनेट उघडून स्वतः बघा.

साधी काळी नळी पुन्हा आणू नका. आतून फ्लोरोइलास्टोमरचं अस्तर असलेली नळी मागा, दुकानात तिला व्हायटॉनची नळी म्हणतात. चांगल्या नळीवर आर-९ असा शिक्का असतो. पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरची नीडल, गॅस्केटं हेही त्याच प्रतीचं घ्या, नाहीतर नळी टिकेल आणि पंप गळेल.

दुसरं, इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवून गाडी दोन महिने उभी केली तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. उभी ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करा.

तिसरं पुन्हा व्हॉल्व्हशी येऊन मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि त्याला हवाही कमी लागते. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच ठेवला तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, पातळ मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो. स्पार्क प्लग काढून बघा. टोक फिकट बदामी असेल तर ठीक, पांढरं पडलं असेल तर जेट एक माप मोठा करा. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हेही बघा. फार मागे ठेवलेल्या टायमिंगनेही एक्झॉस्ट तापतो.

मी लेस्टरला राहतो. १०९८ सीसीची मॉरिस मायनर घेतली आहे आणि दर आठवड्याला एम-वन वरून लंडनला जातो-येतो. इथले लोक म्हणतात 'अनलेडेड हेड' लावून घे. तुमचा सल्ला? — एक वाचक, लेस्टर

लावून घ्या. मिरजेच्या वाचकांना मी थांबा म्हटलं आणि तुम्हाला नाही, याचं कारण तुमचा रस्ता. ते इंजिन आणि तुमचं इंजिन एकाच ब्रिटिश कंपनीच्या दोन मालिकांतली भावंडं, दोन्हींत सीट हेडच्या लोखंडातच कापलेली. पण मायनरचा टॉप गिअर लहान आहे. मोटरवेवर ट्रकांच्या बरोबरीने राहायचं तर इंजिन तास-तासभर वरच्या आरपीएमवर ओढावं लागतं. सीट खाल्ली जाते ती नेमकी अशाच चालीत.

ब्रिटनमध्ये शिशाचं 'फोर-स्टार' पेट्रोल १९९९ च्या अखेरीस सर्वसाधारण विक्रीतून गेलं, त्यामुळे कडक सीट बसवलेली हेड बदलीत देणारी दुकानं तुमच्याकडे भरपूर आहेत. हेड येईपर्यंत ॲडिटिव्ह वापरा. तिथल्या जुन्या गाड्यांच्या महासंघाने, म्हणजे एफबीएचव्हीसीने, चाचणी करून काही ॲडिटिव्हना मान्यता दिली आहे, तीच घ्या आणि दोन वेगळ्या जाती एका टाकीत मिसळू नका. तुमचा गॅप गार इंजिनावर बारा थाऊ, एक्झॉस्ट तेच १, ४, ५, ८.

तुमच्याकडे सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं झालं. ९७ आणि वरच्या सुपरमध्ये ते पाच टक्क्यांपर्यंतच असतं. मायनरला ऑक्टेनची गरज नाही, पण कमी इथेनॉलसाठी सुपर भरणं रास्त आहे.

ओळखीतल्या एकाला विमानाचं शिशाचं पेट्रोल मिळू शकतं. टाकीत दोन-तीन लिटर टाकलं तर सीट वाचतील ना? आणि डांबराच्या गोळ्या किंवा टू-स्ट्रोक ऑइल टाकण्याबद्दल काय मत? — एक वाचक, सातारा

विमानाचं पेट्रोल टाकू नका. हे मी अगदी ठामपणे सांगते. छोट्या विमानांच्या १००एलएल पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. तुमच्या सीट त्याने वाचतील, यात शंका नाही. पण ते शिसं एक्झॉस्टमधून तुमच्या गल्लीत पडेल. टेट्राएथिल लेड कातडीतूनही शरीरात शिरतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे इथल्या रिफायनरीत ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही जगाला ते सोडायला किती काळ लागला बघा: अल्जीरियात शिशाच्या पेट्रोलची विक्री थांबली ती २०२१ च्या जुलैत, आणि तो शेवटचा देश. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो तो नंतर कुठल्याही औषधाने भरून निघत नाही. चार सीट रिंग बदलता येतात.

डांबराच्या गोळ्यांनी सीटला काही मिळत नाही, जेट मात्र तुंबतात. टू-स्ट्रोक ऑइलने ऑक्टेन उतरतं आणि प्लग काळे होतात. दोन्ही सोडा.

माझे मिस्टर जुन्या जीप आणि गाड्यांची इंजिनं खोलतात. हेडमधली राखाडी-पांढरी पूड वायर ब्रशने खरवडून हवेने उडवतात आणि तसेच घरी जेवायला येतात. घरात दोन वर्षांचं मूल आहे. ती पूड वाईट असते का? — एक वाचक, मालवण

ताई, तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा आहे. २००० सालाआधी बरीच वर्षं चाललेल्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, सीट, पोर्ट आणि सायलेन्सरमध्ये जी फिकट राखाडी पूड सापडते तिच्यात शिशाची संयुगं असतात. गाडी पंचवीस वर्षं उभी असली तरी ती तिथेच असते. कोरडी खरवडली की ती श्वासात जाते, कपड्यांवर बसते आणि कपड्यांबरोबर तुमच्या घरात येते.

त्यांना सांगा, हेड आधी डिझेल किंवा केरोसीनने भिजवा, ओलं असतानाच खरवडा आणि फडक्याने पुसा. हवेचा पाइप त्या पुडीवर कधीही मारू नका. साधा कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क हवा. फडकी आणि खरवड पिशवीत बांधून वेगळी ठेवा, चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका. गॅरेजमध्ये चहा-विडी हात साबणाने धुतल्याशिवाय नको. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलावेत आणि बाळाच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. आमच्या वर्कशॉपमध्ये हे सगळे नियम आहेत आणि नवीन आलेल्या मुलाला लेथ दाखवायच्या आधी मी ते सांगते.

त्यांनी बरीच वर्षं असं काम केलं असेल तर दोघांची, म्हणजे त्यांची आणि बाळाची, रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा, नुसता अशक्तपणा म्हणून सांगू नका. ती तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत येत नाही, वेगळी लिहून घ्यावी लागते.